दख्खनच्या राणीला कुठलं इंजिन?

'जुनी गाडी म्हणजे वाफेचं इंजिन' असा आपला एक ठाम समज असतो. शाळेच्या प्रदर्शनात, वाढदिवसाच्या केकवर, वहीच्या कव्हरवर, सगळीकडे तेच धुराडं आणि तोच धूर! त्यामुळे कुणी डेक्कन क्वीनचे १९३० सालचे डबे मॉडेलमध्ये बनवायला घेतले की बघणारा हमखास सांगतो, "पुढे काळं इंजिन लाव, एकदम झक्कास दिसेल."

झक्कास दिसेल, पण खोटं असेल. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली तीच मुळी विजेच्या इंजिनामागे. मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण १९२९ मध्येच पुरं झालं होतं. तेव्हा राणीपुढे धूर काढायचा असेल तर तो डायनिंग कारच्या किचनमधूनच!

मॉडेल रेल्वेच्या छंदात डबे जमवणं सोपं असतं. आवडला, घेतला, रुळावर ठेवला. पण त्या डब्यांपुढे त्यांच्याच काळातलं इंजिन लावायचं हे खरं काम. माझ्या या हट्टावर हॉस्टेलमध्ये एकच प्रश्न येतो, "अरे, पण कुणाला कळणार आहे?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे. व्हायवात उपयोगी पडेल असंही थोडं त्यात आहे.

मॉडेलमध्ये सगळं चालतं, हीच अडचण

एचओ स्केल म्हणजे साधारण १:८७. रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे आणि रुळांतून १२ व्होल्ट डीसी. या रुळांवर कुठलंही इंजिन कुठलाही डबा ओढतं. कपलिंग जुळलं की झालं. खऱ्या रेल्वेत मात्र इंजिन आणि डबा यांची पत्रिका चार ठिकाणी जुळावी लागते.

पहिलं म्हणजे ओव्हरहेड वायर. मुंबई-पुणे मार्गावर अनेक दशकं १५०० व्होल्ट डीसी होतं. २५ हजार व्होल्ट एसीचं इंजिन तिथे निव्वळ लोखंड. दुसरं म्हणजे ब्रेक. जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक, नव्यांना एअर ब्रेक. ज्या इंजिनात एअर ब्रेकची सोय नाही ते एअर ब्रेकचे डबे घेऊन घाट उतरणार कसं? तिसरं कपलिंग. जुन्या डब्यांना स्क्रू कपलिंग आणि दोन बाजूंना बफर, तर एलएचबी डब्यांना मधोमध सेंटर बफर कपलर. हे दोन सरळ एकमेकांत अडकत नाहीत. चौथं म्हणजे डब्यातली वीज. जुन्या साध्या डब्यांत धुरेवरून पट्ट्याने फिरणारा डायनामो असे. एलएचबीच्या दिवे-पंखे-एसीला वीज जनरेटर डब्यातून किंवा थेट इंजिनातून मिळते.

म्हणजे 'त्या काळाला शोभणारं इंजिन' हा नुसता रंगरंगोटीचा प्रश्न नाही. इलेक्ट्रिकलवाले, मेकॅनिकलवाले, दोघांच्याही सिलॅबसमधला आहे.

राणीचे चार अवतार

युरोपातल्या छांदिष्टांनी रेल्वेच्या इतिहासाचे एपॉक पाडले आहेत. डब्याच्या खोक्यावरच एपॉकचा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून मी राणीपुरते चार काळ पाडले आहेत.

१) १९३० ते १९६६ : सुरुवातीला सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. खालच्या चेसिस इंग्लंडहून आल्या आणि वरचे डबे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधले गेले. यांच्यापुढे शोभतं ते ईए/१ हे इंजिन. पुढे त्याचंच नाव डब्ल्यूसीपी-१ झालं. १९५४-५५ नंतरचा देखावा असेल तर इंग्लिश इलेक्ट्रिकचं डब्ल्यूसीएम-१ चालेल.

२) १९६६ ते १९९५ : पेरांबूरच्या आयसीएफ कारखान्यातले पोलादी डबे आले आणि सातांचे बारा डबे झाले. यांना डब्ल्यूसीएम घराण्यातली इंजिनं घ्यावीत. चित्तरंजनला तयार झालेलं आपलं पहिलं विजेचं इंजिन 'लोकमान्य' (१९६१) याच घराण्यातलं, डब्ल्यूसीएम-५.

३) १९९५ ते २०२२ : एअर ब्रेकचे नवे डबे. १९९० च्या दशकाच्या शेवटी डब्ल्यूसीएएम-३ आलं. डीसी आणि एसी दोन्हींवर चालणारं, म्हणजे 'इकडचंही आणि तिकडचंही'.

४) जून २०२२ पासून : एलएचबी डबे, सोळांची गाडी. यांना डब्ल्यूएपी-७.

आता खरी गंमत. पहिल्या काळात ईए/१ आणि डब्ल्यूसीएम-१ दोन्ही चालतात म्हटलं, पण डबा तोच ठेवून नुसतं इंजिन बदललं तर चालेल का? डब्यावर 'जीआयपी' ही अक्षरं असतील तर नाही! ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी जाऊन मध्य रेल्वे झाली आणि डब्ल्यूसीएम-१ आलं त्यानंतर. तसंच वर्गाचं. राणीला तिसरा वर्ग पहिल्यांदा लागला जून १९५५ मध्ये आणि १९७४ मध्ये त्याचं नाव दुसरा वर्ग झालं. म्हणजे दारावर 'तिसरा वर्ग' लिहिलेला डबा फक्त या १९ वर्षांतला.

रीत सोपी आहे. डबा, इंजिन, रंग, अक्षरं, वर्ग, प्रत्येकाची 'पासून-पर्यंत' अशी वर्षं एका कागदावर आडव्या रेघांनी काढायची. सगळ्या रेघा जिथे एकावर एक येतात तो तुमचा काळ. कुठेच येत नसतील तर काहीतरी काढून टाका. मॅथ्सच्या भाषेत इंटरसेक्शन रिकामा असेल तर गाडी सोडायची नाही.

टीटी टेबलावर राणी

हॉस्टेलात जागा म्हणजे कॉमन रूममधलं टेबल टेनिसचं टेबल, तेही खेळणारे जेवायला गेल्यावर. टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद. त्यावर ६०० मिलिमीटर त्रिज्येचा लंबगोल बसतो. एक फेरी साधारण साडेसहा मीटरची.

आयसीएफ डब्याची बॉडी २१.३४ मीटर, म्हणजे एचओमध्ये २४५ मिलिमीटर. एलएचबीची २३.५४ मीटर, म्हणजे २७० मिलिमीटर. सोळा एलएचबी आणि एक इंजिन धरलं तर गाडी होते साडेचार मीटरच्या वर! साडेसहा मीटरच्या फेरीत ती स्वतःच्याच शेपटीमागे पळत असल्यासारखी दिसते. सात डब्यांची १९३० ची राणी मात्र दोन मीटरमध्ये मावते. तेव्हा जागा कमी असेल तर जुना काळ निवडा, डबे कापू नका.

वळणाचा हिशोबही करून ठेवा. डबा वळणावर जातो तेव्हा त्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. पोट किती आत येतं? दोन बोगींमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट. आयसीएफचं हे अंतर एचओमध्ये १७० मिलिमीटर. ४३८ मिलिमीटरच्या तयार वळणावर पोट सव्वाआठ मिलिमीटर आत येतं, ६०० वर सहाच. टोकांसाठी लांबीच्या वर्गातून बोगी-अंतराचा वर्ग वजा करा आणि तसाच भागा. त्याच ४३८ च्या वळणावर आयसीएफचं टोक नऊ मिलिमीटर बाहेर जातं, एलएचबीचं साडेबारा. दोन रूळ शेजारी असतील तर आतल्या गाडीची टोकं आणि बाहेरच्या गाडीचं पोट समोरासमोर येतात. हिशोब न करता दोन गाड्या सोडल्या तर टक्कर ठरलेली.

आणि वेगाचंही सांगतो. खऱ्या गाडीचे ताशी १०० किलोमीटर म्हणजे मॉडेलवर सेकंदाला फक्त ३२ सेंटिमीटर. रेग्युलेटर फिरवणाऱ्या प्रत्येक फर्स्ट इयरवाल्याची राणी याच्या तिप्पट पळते!

घाट आणि बँकर

कर्जत-लोणावळा घाटाची चढण १:३७. मॉडेलवर तीच ठेवून ७५ मिलिमीटर चढायचं तर रूळ लागतो २.७७ मीटर, म्हणजे अख्खं टीटी टेबल. आता स्टॅटिक्स काढा. डब्याचं वजन १६५ ग्रॅम धरा (या लांबीच्या एचओ डब्याला अमेरिकन छांदिष्टांच्या नियमाने एवढंच हवं), इंजिन ५०० ग्रॅम, चाकांची पकड ०.२, डब्यांचा रोलिंग रेझिस्टन्स ०.०२.

सात डबे : चढणीचे ०.४४ न्यूटन आणि रोलिंगचे ०.२३, मिळून ०.६७. इंजिनाची पकड ०.९८. राणी डौलात वर जाते.

बारा डबे : ०.६६ आणि ०.३९, मिळून १.०५. पकड तीच ०.९८. चाकं जागच्या जागी फिरतात!

मग काय करायचं? मागे दुसरं इंजिन लावायचं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला बँकर लागतो, तो याच गणितासाठी. बँकरही त्या काळातलाच हवा. जुन्या दिवसांसाठी डब्ल्यूसीजी-१, बाकदार नाकाडांचं ते मालगाडीचं इंजिन, ज्याला रेल्वेवाले 'खेकडा' म्हणत.

पण कुणाला कळणार आहे?

आता मूळ प्रश्न. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मेन लाइनवरचं डीसी २०१५ मध्ये पूर्णपणे संपलं. याचा अर्थ काय होतो पाहा. ईए/१ चा एक नमुना आणि एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहेत. उद्या कुणी त्यांना दुरुस्त केलं, तेलपाणी केलं, तरी खंडाळ्याच्या घाटात ती आपल्या ताकदीवर चढू शकणार नाहीत. वरच्या वायरमध्ये त्यांना लागणारी वीजच उरलेली नाही. वाफेच्या इंजिनाला निदान कोळसा-पाणी घालून फिरवता येतं. यांना तेही नाही.

ईए/१ आणि त्यामागे सात रुपेरी डबे, हे दृश्य चालतं-फिरतं पाहायचं तर मॉडेलशिवाय जागा नाही. आणि जिथे पडताळायला मूळ गाडी शिल्लक नाही तिथे मॉडेल जे दाखवेल तेच पुढच्या माणसाला खरं वाटतं. ड्रॉइंगमध्ये एक डायमेन्शन चुकलं की वर्कशॉपमधला माणूस चुकीचाच पार्ट बनवतो, तसंच हे. कुणाला कळणार नाही, म्हणूनच बरोबर करायचं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. ज्यांना हा छंद म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांनी एकदा जाऊन यावं. भारतीय नमुन्याचे तयार डबे बाजारात मोजकेच मिळतात, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. विकतच्या बोगी, प्लॅस्टिक शीट किंवा थ्री-डी प्रिंटरवर काढलेली बॉडी आणि बारीक ब्रश एवढ्यावर एक डबा उभा राहतो. सातच करायचे आहेत. सेमिस्टरला एक धरला तर डिग्री होईपर्यंत सात होतात आणि आठव्या सेमिस्टरला इंजिन!

तोवर टीटीवाल्यांनी जरा सांभाळून घ्यावं, ही नम्र विनंती.