उपाशी मुळें आणि धुऱ्यावरील तूर

चिमूरकडील भाताच्या बांध्यांत हिंडणाऱ्यास एक गोष्ट नेहमींच दिसते. बांधीच्या धुऱ्यावर, जेथें खताची पाटी सहसा पोंचत नाहीं, तेथें तूर माणसाएवढी वाढून शेंगांनीं लवते. “हलकी जमीन तुरीस मानवते” एवढें म्हणून आपण पुढें जातों. ती कां मानवते, याचें उत्तर तिच्या मुळांत आहे. आणि तें कळल्यास सुपर फॉस्फेटच्या पोत्यांवर होणाऱ्या खर्चाचा विचार निराळ्या रीतीनें करावा लागतो.

मूळ केवळ पाणी व क्षार शोषून घेतें, ही समजूत अर्धीच खरी आहे. पानांत तयार झालेल्या अन्नाचा कांहीं भाग मूळ साखर, आम्लें इत्यादि द्रव्यांच्या रूपानें मातींत सोडीत असतें. एखादें अन्नद्रव्य कमी पडलें कीं या स्रावाची मात्रा बदलते व जातहि बदलते. लोह न मिळाल्यास सातू, गहूं यांचीं मुळें लोहास धरून आणणारें द्रव्य सोडतात. ताकागी या जपानी शास्त्रज्ञानें हें १९७६ सालीं दाखविलें. भाताच्या अंगीं ही शक्ति फार थोडी. म्हणून चुनखडीच्या जमिनींत पाणी न सांचवितां पेरलेला भात पिवळा पडतो.

आपल्याकडे अधिक महत्त्वाचा प्रश्न स्फुरदाचा. लाल व पिवळट जमिनींत स्फुरद असतो, परंतु बराचसा लोहाशीं जखडलेला. काळींत तो चुन्याशीं बांधलेला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेंत नोरिहारू आए व त्यांचे सहकारी यांनीं केलेले प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाले. लोहाशीं जखडलेला स्फुरद ज्वारी, मका, सोयाबीन यांच्याहून तुरीस पुष्कळच अधिक घेतां येतो, असें त्यांत आढळलें. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल निघतें. तें लोहास आपल्याकडे ओढून घेतें आणि स्फुरद मोकळा होतो. हरभऱ्याची आंब तर आपण पहांटे फडक्यानें टिपून घेतों. त्याचीं मुळेंहि आम्लें सोडतात व चुन्याशीं बांधलेला स्फुरद विरघळवितात; काळींत हरभरा साधतो, त्याचें हें एक कारण होय.

मात्र तूर स्फुरद निर्माण करीत नाहीं. जमिनींतील अडकलेली शिल्लक ती उचलते एवढेंच. गळलेला पाला शेतांत कुजला तर त्यांतील वांटा पुढील पिकास मिळतो. दाण्यांबरोबर बाजारांत गेला तो गेला. तुराट्या सरपणास न्याव्या, पण पाला व भूस जाळूं नये. खत अजिबात बंद करून वर्षानुवर्षें तूर घ्यावी, असा सल्ला आम्ही देणार नाहीं. माती तपासून घ्यावी, आणि लाल जमिनींत पाळीपाळीनें तूर फिरवावी.

उपाशी मुळाचा स्राव दर वेळीं हिताचाच होतो असेंहि नाहीं. ज्वारीचा पेरा आतां कमी झाला आहे, तरी ज्यांच्याकडे तो आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. स्फुरद किंवा नत्र कमी पडलें असतां ज्वारीचें मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नांवाचीं द्रव्यें अधिक सोडतें. उपकारक बुरशीस बोलावण्याचें हें साधन आहे, असें आकियामा व सहकाऱ्यांनीं २००५ सालीं दाखविलें. परंतु मातींत वर्षानुवर्षें निजलेलें टारफुल्याचें बीं त्याच हांकेनें जागें होतें व मुळास चिकटतें. हलक्या, उपाशी रानांत टारफुला जास्त माजतो तो यामुळें. अशा रानास शेणखत व नत्र द्यावें, आणि टारफुला बीं धरण्यापूर्वीं उपटावा. याच वर्गांतील पहिलें द्रव्य १९६६ सालीं कपाशीच्या मुळांच्या स्रावांतून हातीं लागलें. कपाशीनें टारफुल्याचें बीं उगवतें, पण तिच्या मुळावर त्यास पोसतां येत नाहीं व तें मरतें. टारफुल्यानें ग्रासलेल्या रानांत ज्वारी थांबवून दोन-तीन वर्षें कपाशी घ्यावी.