कुंपणासाठी निर्गुडी : ओळख आणि लागवड

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ओढ्यानाल्यांच्या काठी निर्गुडीची झुडपे आढळतात. एका देठावर ३ किंवा ५ पर्णिका, पानांची पांढुरकी खालची बाजू, चुरगळताच येणारा उग्र वास आणि निळसर-जांभळे तुरे ही तिची ओळख होय. जनावरे तिला सहसा तोंड लावीत नसल्याने परसबागेस ती उत्तम कुंपण ठरते.

पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे पक्व छाट घेऊन निम्मे मातीत लावावेत. मूळ झुडूप मात्र उपटू नये. काठाची माती त्याच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते. गौताळा अभयारण्यातून विनापरवाना छाट आणणे हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा होय. शाळेच्या आवारात एक झुडूप वाढविल्यास पुढील छाट गावातच मिळू शकतील.