हाड शाबूत, गुडघा बेभरवशाचा

‘टक्’ असा आवाज आला होता. बोट मोडल्यासारखा, पण आतून. गावच्या कबड्डी सामन्यात पोरं कमी पडली म्हणून वयाच्या 42व्या वर्षी मी मैदानात उतरलो होतो. कुणी पकडलंसुद्धा नव्हतं. चढाई करून परत वळताना पाऊल मातीत रुतलं, अंग फिरलं आणि गुडघा मात्र फिरलाच नाही. तासाभरात त्याचा भोपळा झाला.

घरी सांगितलं, पाय मुरगळला. आवाजाचं काही बोललो नाही. या वयात मैदानात कशाला मरायला गेला होतास, हे ऐकायची तयारी नव्हती.

आमचं ओवे गाव आता नवी मुंबईतल्या खारघरच्या सेक्टरांनी वेढलंय. दहा मिनिटांच्या अंतरात अस्थिरोगतज्ज्ञांच्या पाट्याच पाट्या. तरी सकाळी मी गेलो हाडवैद्याकडेच. आमच्याकडे निदानं तीनच: नस चढली, लचक भरली, हाड सरकलं. त्यानं तेल चोळलं, पाय खेचला, ‘बसली नस’ म्हणाला. सूज आणखी वाढली तेव्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, मुरगळला. फिल्म उजेडात धरून ते म्हणाले, “हाड शाबूत आहे. दोन आठवड्यांनी दाखवा.” मी ऐकलं ते असं, की गुडघा शाबूत आहे. दाखवायला गेलोच नाही.

एक्स-रे खोटं बोलला नव्हता. 1895 साली एक्स-रे शोधणाऱ्या रोंटगेननं बायकोच्या हाताचं चित्र काढलं, त्यात हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली, मांस मात्र धूसर सावलीसारखं. आजही तसंच आहे. हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध आणि मधली कूर्चेची गादी, म्हणजे मेनिस्कस, एक्स-रेत दिसत नाहीत. कधी कधी नडगीच्या बाहेरच्या कडेला हाडाचा बारीकसा टवका उडालेला दिसतो, तो आतला बंध तुटल्याची चुगली करतो. पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यविशारदानं हा टवका 1879 मध्येच लिहून ठेवला होता, एक्स-रेचा शोध लागायच्या 16 वर्षं आधी. माझ्या फिल्मवर तोही नव्हता.

दोन महिन्यांनी मेट्रोच्या जिन्यावरून उतरताना गुडघ्यानं दगा दिला आणि मी चार पायऱ्या घरंगळलो. या वेळी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, “आवाज आला होता का? सूज किती वेळात आली?” मग गुडघा थोडा वाकवून, एका हातानं मांडी धरून दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्या. दुखरी नडगी सैल ड्रॉवरसारखी पुढे आली. “पुढचा क्रूशिएट अस्थिबंध गेलाय,” ते म्हणाले. एमआरआय अजून व्हायचा होता! तासा-दोन तासांत चढलेली सूज म्हणजे बहुतेकदा सांध्यात झालेला रक्तस्राव, आणि आवाजासकट आली तर संशय आधी या बंधावर जातो. म्हणजे मी लपवलेलं वाक्य हेच अर्धं निदान होतं.

एमआरआय काढला तो आणखी काय बिघडलंय हे पाहायला. मेनिस्कसही फाटला होता. सामन्यात की जिन्यावर, हे कुणी सांगू शकलं नाही. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, असतो प्रचंड चुंबक. तंत्रज्ञानं माझा करदोटा, ताईत, किल्ल्या सगळं काढायला लावलं, तेव्हा मी कुरकुरलो. पण 2018 च्या जानेवारीत मुंबईतच एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. पेसमेकर असेल, अंगात धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगा. स्नायू फाटल्याचा संशय असेल तर पुष्कळदा सोनोग्राफीही पुरते. स्वस्त पडते, आणि स्नायू हलताना दिसतो.

माझं बघून 58 वर्षांचे माझे मोठे भाऊ डॉक्टरांना न विचारताच एमआरआय काढून आले. मेनिस्कस फाटल्याचा अहवाल वाचून त्यांनी जिना चढणंच सोडलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या 991 लोकांचे गुडघे असेच तपासले होते. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला सापडला, त्यांतल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात काहीही दुखलं नव्हतं. 2008 मध्ये हा अभ्यास छापून आला. केस पिकतात तशी ही गादीही झिजते. भावाला शेवटी मांडीचे व्यायाम सांगितले गेले, शस्त्रक्रिया नाही.

मलाही लगेच चाकू लागला नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या चाचणीत (2010) निम्म्यांचा बंध लगेच नव्यानं बांधला, उरलेल्यांना आधी व्यायाम दिले. दोन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते, आणि दुसऱ्या गटातल्या साधारण 60 टक्के लोकांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. मला पुन्हा चढाई करायची नव्हती. सहा महिने फिजिओथेरपी केली, गुडघ्यानं जोर धरला. 19 वर्षांच्या खेळाडूचा हिशेब वेगळा असू शकतो. आणि गुडघा अडकून सरळच होत नसेल तर थांबायचं नाही.

मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे हवाच. पहिले काही दिवस तेल, मालीश, शेक नको. बर्फ फडक्यात गुंडाळून, तोही दहा-पंधरा मिनिटं. मांडीला किंवा कोपराला मुका मार लागलेला असताना चोळलं तर साकळलेल्या रक्तात हाड तयार होऊ शकतं, मग सांधा आखडतो. अजून एक, जरा अवघड गोष्ट. टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आमच्या खारघरातच आहे, म्हणून हे इथल्या माणसाला तरी माहीत हवं. वाढत्या वयातल्या मुलांत हाडाचा कर्करोग सर्वांत जास्त गुडघ्याभोवती होतो आणि पुष्कळदा ‘खेळताना लागलं’ म्हणूनच चोळला जातो. रात्री वाढणारं दुखणं, आठवडे उलटूनही न उतरणारी सूज असेल तर आधी फिल्म, मग बाकी सगळं.

सामन्यांना मी आता टेबलावर गुण लिहायला बसतो. परवा एक पोरगा पकडीत पडला. चौघांनी उचलला, पाचवा त्याचा पाय खेचायला सरसावला. त्याला थांबवून मी पोराला विचारलं, “आवाज आला का रे?”

“नाय काका,” तो बापाकडे बघत म्हणाला.

बाप पाण्याची बाटली आणायला गेला तसा हळूच म्हणाला, “आला.”