वरचा जबडा रुंदावणारी उपकरणे : निवड कशी करावी?

वरचा जबडा अरुंद असल्यास वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. टाळूच्या मध्यावरील सांधा बालवयात पूर्ण जुळलेला नसतो. म्हणून उपचार त्याच वयात सुलभ ठरतो.

काढता-घालता येणारी प्लेट स्वच्छतेस सोयीची. परंतु मुलाने ती नियमित वापरली तरच गुणकारी. दाढांवर पक्क्या बसविलेल्या ‘हायरॅक्स’चा स्क्रू पालकांनी किल्लीने फिरवावयाचा असतो, पाव फेरीने तो सुमारे ०.२५ मि.मी. उघडतो. ‘क्वाड हेलिक्स’ तारेच्या दाबाने सावकाश कार्य करते. घरी काहीच फिरवावे लागत नाही.

रोजंदारी बुडवून दुरून येणाऱ्या पालकांची अडचण आम्ही जाणतो. तथापि रुंदी मिळताच उपचार सोडल्यास जबडा पुन्हा आकसतो. म्हणून पुढील काही महिने उपकरण तोंडात राहू द्यावे, ही आमची कळकळीची विनंती.