धुऱ्यावरील मोह आणि कायदा

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानाच्या गावी बांधीच्या धुऱ्यावर मोहाचे झाड असले की त्याच्या सावलीत धानाची वाढ खुंटते. कास्तकारास ते तोडावेसे वाटते, आणि अर्ज लिहून घेण्यास तो पुष्कळदा गुरुजींकडेच येतो.

जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे धारण जमिनीतील झाडांवर सामान्यतः भूधारकाचाच हक्क असतो. तथापि १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीतील झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या शेतातील का असेना. मोह, साग, आंबा, चिंच, ऐन, जांभूळ ही त्यांपैकी होत. झाड वाळलेले, रोगट किंवा जीवितास वा मालमत्तेस धोका देणारे असल्यास परवानगी नाकारू नये, असे कायदाच सांगतो. म्हणून अर्जात झाडाची जात, गट क्रमांक व स्थिती जशी असेल तशीच लिहावी. हिरव्या झाडास वाळके म्हणण्याचा आग्रह होतो; तो गुरुजींनी मोडून काढावा.

काही वेळा खालच्या फांद्या छाटूनही सावलीचे काम भागते; मात्र छाटणीपूर्वीही अधिकाऱ्यास विचारून घ्यावे.

चौथीच्या वर्गात याचाच हिशेब मांडता येईल. मुलांनी घरी विचारून आणावे: सावलीने धान किती घटले, चैत्रात पहाटे वेचलेली मोहफुले किती भरली, बियांचे तेल किती निघाले, आणि ती फुले वेचतो कोण.