ऊसतोडणी यंत्राचा चालक : आपल्या मुलांना काम मिळेल काय?



हंगाम तोंडावर आला की गावोगाव एकच चौकशी असते, 'टोळी आली का?' मुकादमाला उचल देऊनही कोयते पुरे पडतील याचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून तोडणी यंत्रे वाढत आहेत. २०२३ साली राज्यात यंत्र खरेदीस किमतीच्या ४० टक्के, पण जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आली. यंत्र आले म्हणजे ते चालवणारा माणूस हवा. तो आपल्या पलूस तालुक्यातलाच का असू नये, याचा विचार आपण करू.

काम किती जणांना? यंत्र दोन पाळ्यांत चालवायचे तर दोन चालक, दोन मदतनीस आणि तुकडे झेलणाऱ्या ट्रॅक्टरांचे ड्रायव्हर, असे पाच-सहा जण लागतात. तोडणी मजुरांच्या मानाने ही संख्या थोडी आहे, हे लपवून चालणार नाही. शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा. पुढे काय?

येथेच शिक्षणाचा प्रश्न येतो. नुसते स्टिअरिंग धरणारे पुष्कळ मिळतात. खरा चालक बुडख्याकडे बघतो. पाते वर राहिले तर साखरेचा भरणा असलेला बुडखा रानात राहतो. खाली गेले तर माती येते आणि खोडव्याची खोडे उपटतात. पाती रोज बघून बोथट झालेली बदलणे, हायड्रॉलिक नळीची गळती ओळखणे, फिल्टर साफ ठेवणे ही कामे ज्याला येतात, त्याचे यंत्र उभे राहत नाही. तुकडे केलेला ऊस लवकर खराब होतो, म्हणून यंत्र बंद पडले की मालक आणि शेतकरी दोघेही बुडतात. असा दुरुस्ती जाणणारा मुलगा पावसाळ्यात यंत्राची उघडझाप करील, नाहीतर जेसीबी, पोकलेनवर जाईल. हायड्रॉलिकची विद्या तीच आहे. म्हणून आय.टी.आय.मध्ये डिझेल किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक शिकून एक हंगाम मदतनीस म्हणून काढावा, मग गादीवर बसावे, असे आम्ही सुचवतो.

आपल्या भागाला हे नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर घडू लागला. लोखंडाचे काम या मातीला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक झाले आहे.

मात्र नोकरीची अर्धी किल्ली सभासदांच्या हाती आहे. तीन फुटी सरीत यंत्र शिरत नाही, साडेचार-पाच फूट सरी लागते. बांध मोडलेले नसतील, रान तुकड्या-तुकड्यांचे असेल, तर वळण्यातच वेळ जातो. भिलवडी, अंकलखोपकडच्या काळ्या रानात पाणी उशिरापर्यंत दिले तर यंत्र रुतते. तेव्हा तोडणीआधी पाणी वेळेवर तोडावे आणि शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिशेने लांब सऱ्या काढाव्यात.

यंत्राला सलग काम मिळाले तरच चालकाचा पगार निघतो. येत्या लागणीला सरी मोजूनच पाडा.