कोरी फाईल

ऑटोकॅडमध्ये नवी फाईल उघडली की समोर काळं मैदान येतं आणि वाटतं, आता सगळं आपल्या हातात. पण त्या मैदानात बरंच काही आधीच ठरलेलं असतं: एकक कुठलं, अक्षराची उंची किती, तुटक रेषेचा तुकडा केवढा, हॅच किती दाट, आणि पडद्यावर किती जागा मावणार. हे सगळं येतं टेम्प्लेटमधून, म्हणजे डीडब्ल्यूटी फाईलमधून. सॉफ्टवेअरबरोबर मिळणाऱ्या टेम्प्लेटांपैकी दोन आपल्याकडे सर्रास वापरात असतात, ‘अकॅड’ आणि ‘अकॅडआयएसओ’. पहिली इंचांची, तिची हद्द १२ बाय ९. दुसरी मिलिमीटरची, हद्द ४२० बाय २९७, म्हणजे एक ए-३ कागद. घर डोळ्यांसमोर ठेवून यातली एकही बनवलेली नाही.

साताऱ्यात आमचं ड्राफ्टिंगचं छोटं ऑफिस आहे. क्लास करून आलेली मुलं-मुली इथे पहिल्यांदा खऱ्या कामाला बसतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचं सुरुवातीला एकच होतं. ४५०० ची भिंत ओढली की रेष पडद्याच्या उजव्या कडेतून निघून जाते, दुसरं टोक दिसतच नाही. बिचारे अनडू करतात, पुन्हा ओढतात. मग मागच्या खुर्चीवरून कुणीतरी सांगतं, “झेड, एंटर, ई, एंटर.” भिंत दिसते, आणि मुलांची समजूत होते की झूम हे अडचणीत सापडल्यावर करायचं काम आहे. खरं तर टेम्प्लेट नीट असेल तर फाईल उघडताच अख्खा प्लॉट मावेल एवढी जागा समोर असायला हवी, आणि भिंत नजरेतून सुटली तर ती चुकीच्या मापाची आहे असं आपोआप कळायला हवं. चुकीचं एकक सर्वांत आधी पकडतो तो आपला डोळा.

एककाचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आणि साइटवरचा मिस्त्री फुटा-इंचात बोलणार. ऑटोकॅडला रेष काढताना यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लेखी ९०० म्हणजे नुसते ९०० एकक. मिलिमीटरमध्ये काढलेला ९०० रुंदीचा दरवाजा मीटरच्या फाईलीत तसाच आणून टाकला तर तो ९०० मीटरचा होतो. त्यानंतर झूम एक्स्टेंट्स केलं की पडद्याभर दरवाजाचा कमानदार झोत, आणि घर? कोपऱ्यात शोधावं लागतं. हे टाळण्यासाठी टेम्प्लेटमध्येच इन्सयुनिट्स नक्की करून ठेवावं: इंचासाठी १, मिलिमीटरसाठी ४, मीटरसाठी ६. दोन्ही फाइलींत ते बरोबर असेल तर ब्लॉक आणताना माप आपोआप जुळतं. एकीकडे ‘युनिटलेस’ म्हणजे शून्य असेल, तर सॉफ्टवेअर ऑप्शन्समध्ये भरलेल्या एककावर विसंबून राहतं, आणि ते दर मशिनवर वेगळं असू शकतं. आणखी एक लक्षात ठेवा: युनिट्सच्या खिडकीत जाऊन इंचाचं मिलिमीटर केलं म्हणून आधी काढलेल्या रेषा बदलत नाहीत. त्या स्केल कमांडनेच २५.४ पट कराव्या लागतात.

इंचांच्या टेम्प्लेटवर मिलिमीटरचं काम सुरू केलेलं ओळखायचं असेल तर हॅच टाकून बघा. मेझरमेंट नावाचं व्हेरिएबल शून्य असेल तर हॅच आणि तुटक रेषा इंचांच्या यादीतून उचलल्या जातात. त्या २५.४ पट दाट, म्हणून विटांच्या भिंतीचं हॅच भरीव काळं दिसतं. तुटक रेषेची गत तीच, ती सलग दिसते. मग वरून जाणारा बीम खालच्या भिंतीसारखा वाटतो आणि ठेकेदाराचा फोन येतो, “इथे भिंत आहे का?” आमच्या टेम्प्लेटमध्ये मेझरमेंट १, एलटीस्केल १, पीएसएलटीस्केल १ आणि एमएसएलटीस्केल १ असतं, आणि मॉडेलचं अॅनोटेशन स्केल १:१०० वर ठेवलेलं. काही जण एलटीस्केल १०० करून मोकळे होतात. मॉडेलमध्ये ते छान दिसतं, पण लेआउटवर पुन्हा बिघडतं, म्हणून मला तो मार्ग पसंत नाही.

आता उघडतानाचा झूम. यात जादू काही नाही: टेम्प्लेट सेव्ह करताना पडद्यावर जे दृश्य असतं, तेच पुढच्या प्रत्येक नव्या फाईलीत उघडतं. म्हणून लिमिट्स कमांडने खालचा डावा कोपरा ०,० आणि वरचा उजवा ३००००,२०००० द्यायचा, म्हणजे मिलिमीटरमध्ये ३० मीटर बाय २० मीटर. नेहमीच्या गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटला ते भरपूर होतं. मग झूम ऑल करायचं आणि त्याच अवस्थेत डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह करायचं. ग्रिड १००० वर ठेवला तर एक घर म्हणजे एक मीटर, नजरेला अंदाज राहतो. सेव्ह करताना मॉडेल टॅबवर आहात की लेआउटवर, तेही बघा, कारण नवी फाईल त्याच टॅबवर उघडते. लेआउटचं दृश्य वेगळं साठवलं जातं, तेव्हा तिथेही जाऊन एकदा झूम ऑल करून परत यावं.

बरेच जण यासाठी टेम्प्लेटमध्ये मोठा चौकोन काढून ठेवतात, म्हणजे झूम एक्स्टेंट्स केलं की दृश्य हवं तेवढंच राहील. तो चौकोन मग प्रत्येक ड्रॉइंगमध्ये पाहुण्यासारखा येतो, कुणीतरी त्याला डायमेन्शन चिकटवतं, कुणी त्याचीच प्लिंथ समजतं. लिमिट्स असताना त्याची गरज नाही.

ही सगळी मॉडेलची गोष्ट झाली. झूममुळे खरं नुकसान होताना मी पाहिलंय ते लेआउटमध्ये. एका बंगल्याच्या देखरेखीचं काम आमच्याकडे होतं, ड्रॉइंग बाहेरच्या ऑफिसकडून तयार आलेली. शीटवर ठसठशीत लिहिलेलं, स्केल १:१००. खिडक्यांच्या ग्रिलसाठी फॅब्रिकेटरला तीच प्रिंट दिली गेली. बहुतेक खिडक्यांवर माप लिहिलेलं होतं, जिन्याजवळच्या एकीवर राहून गेलेलं. त्याने स्केलपट्टी लावली, १४ मिलिमीटर भरलं, म्हणून १४०० ची ग्रिल बनवली. गाळा होता १५०० चा. चार इंचांची फट पडली. विचारलं तर म्हणाला, “साहेब, तुमच्याच नकाशावरनं माप घेतलंय.” त्याचं काहीच खोटं नव्हतं.

फाईल मागवून लेआउट उघडला. व्ह्यूपोर्टवर क्लिक केलं तर खाली स्टेटस बारमध्ये १:१०० च्या जागी ०.००९३ असा आकडा. म्हणजे साधारण १:१०७. झालं असणार असं: कुणीतरी लेआउटवरून व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक केलं, काही दुरुस्ती करायला माउसचं चाक फिरवलं, काम झाल्यावर बाहेर आलं आणि सेव्ह केलं. व्ह्यूपोर्टच्या आत चाक फिरलं की स्केल बदलतं. लिहिलेली मापं मात्र बरोबरच राहतात, कारण ती खऱ्या भिंतीवरून घेतलेली असतात. म्हणून डोळ्यांना काहीच खटकत नाही. शीट अगदी निर्दोष दिसते, फक्त कागदावरचं चित्र सात टक्क्यांनी आक्रसलेलं असतं.

यावरचा उपाय एका क्लिकचा आहे, आणि तो टेम्प्लेटमध्येच करून ठेवला पाहिजे. व्ह्यूपोर्टला स्केल द्यायचं, प्रॉपर्टीजमध्ये ‘डिस्प्ले लॉक्ड’ला ‘येस’ करायचं, मग टेम्प्लेट सेव्ह. लॉक असलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये चाक फिरवलं तर सगळी शीट लहान-मोठी होते, स्केल जागचं हलत नाही. आत जाऊन काम करायचंच असेल तर व्हीपीमॅक्सने व्ह्यूपोर्ट पडदाभर मोठा करावा आणि व्हीपीमिनने परत यावं. शिवाय प्रत्येक शीटवर एक छोटी स्केलपट्टी काढून ठेवा, मीटरच्या खुणा असलेली, आणि ती मॉडेलमध्ये घेऊन व्ह्यूपोर्टमधून दाखवा. म्हणजे स्केल बिघडलं तर पट्टीही त्याच प्रमाणात बिघडेल, आणि झेरॉक्सवाल्याने ‘फिट टु पेज’ केलं तरी मापणाऱ्याला आधार राहील.

झूमची आणखी एक तक्रार नेहमी येते: झूम एक्स्टेंट्स केलं की इमारतीचा ठिपका होतो. याचा अर्थ कुठेतरी लांब एखादी भटकी रेष किंवा मजकुराचा तुकडा पडलेला आहे. सगळे लेअर चालू करा, गोठवलेले असतील तर मोकळे करा. मग इरेज, एंटर, ऑल, एंटर, आर, एंटर करून इमारतीभोवती खिडकी ओढा. इमारत निवडीतून बाहेर पडते, उरलेला कचरा पुढच्या एंटरला पुसला जातो. पण पुसण्याआधी काय उरलंय ते झूम करून पाहायचं, सर्व्हेचा एखादा बेंचमार्कही त्यात असू शकतो.

सर्व्हेच्या फाईलींची तऱ्हाच वेगळी. टोटल स्टेशनचं काम यूटीएममध्ये आलं तर सातारा ४३ व्या झोनमध्ये पडतो: पूर्वेचा आकडा तीन लाख नव्वद हजारांच्या आसपास, उत्तरेचा साडेएकोणीस लाखांच्या. हे मीटरमध्ये. मिलिमीटर केले की उत्तरेचा आकडा दोनशे कोटींजवळ जातो. मूळबिंदूपासून इतक्या लांब काम केलं की हॅच तुटतो, वर्तुळं खडबडीत होतात, स्नॅप चुकल्यासारखा वाटतो. सर्व्हे स्वतंत्र फाईलीत ठेवून एक्सरेफने जोडावा, इमारत मूळबिंदूजवळ काढावी, आणि किती सरकवलं ते शीटवर लिहून ठेवावं.

टेम्प्लेटमध्ये काय जातं आणि काय जात नाही, यावरूनही बराच गोंधळ होतो. एकक, लिमिट्स, लेअर, डायमेन्शन आणि मजकुराच्या स्टाइल, पेज सेटअप हे सगळं फाईलीबरोबर प्रवास करतं. चाकाच्या एका खाचेला किती झूम व्हावं, ते ठरवणारा झूमफॅक्टर मात्र मशिनवर राहतो. ३ ते १०० मधला आकडा, मूळचा ६०. मी ३५ वर ठेवतो, तरुण मुलांना तो संथ वाटतो. चाकाची दिशा उलटवणारं झूमव्हील, ओस्नॅप, हेही मशिनवरचंच. त्यामुळे दुसऱ्याच्या खुर्चीवर बसल्यावर हात चुकायला लागला तर टेम्प्लेटला दोष देऊ नका.

जुन्या ड्रॉइंगमधलं सगळं पुसून त्याचंच टेम्प्लेट करायची पद्धत फार पसरलेली आहे. मला ती अजिबात आवडत नाही. त्यात कुणाचे तरी लेअर, कुणाचे शेकडो स्केल आणि कधी काळी एका कामासाठी बदललेला डिमएलफॅक लपलेला असतो. तो १ सोडून काही असेल तर डायमेन्शन रेषेची खरी लांबी दाखवतच नाही. कोऱ्या अकॅडआयएसओपासून सुरुवात करा, हवं तेवढंच आणा. मंजुरीसाठी वेगळं टेम्प्लेट ठेवा, कारण ऑटोडीसीआरसारखी तपासणी सॉफ्टवेअरं ठरावीक नावांच्या लेअरांवरच चालतात. ती नावं वर्किंग ड्रॉइंगमध्ये घुसवली तर दोन्ही कामं बिघडतात. मराठी शीर्षकासाठी युनिकोड फॉन्ट घ्या. जुन्या फॉन्टमधलं ‘गट नंबर’ दुसऱ्याच्या मशिनवर इंग्रजी अक्षरांचा खेळ होऊन बसतो.

टेम्प्लेट स्वतःच्या मशिनवरच्या मूळ जागी ठेवू नका. ती जागा विंडोजच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असते. मशिन फॉरमॅट झालं की गेली. सर्व्हरवर सामायिक फोल्डर करा, फाईल ‘रीड ओन्ली’ करा, कारण डीडब्ल्यूटी थेट ओपन करून सेव्ह केली की मूळ टेम्प्लेटच बदलतं. मग प्रत्येक मशिनवर ऑप्शन्समध्ये, फाइल्स टॅबखाली, टेम्प्लेट सेटिंग्जमध्ये क्यून्यूसाठी त्याच फाईलीचा पत्ता द्या. नावात वर्ष घाला. टेम्प्लेट सुधारलं तरी चालू कामाच्या फाइलींना ते लागू होत नाही, त्या जुन्याच नियमांवर पूर्ण होऊ द्याव्यात.